कोरडी रांग

"अहो दादा, पाय! पाय बघा!"

शिडीवरून उतरणारा माणूस जागच्या जागी थिजला. दोन्ही हातांत तडकलेलं तावदान, एक पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर, दुसरा हवेत. आणि त्या हवेतल्या पायाखाली सूर्यफुलाच्या रोपांचा ट्रे... नुकती कुठे दोन-दोन पानं उघडून जगाकडे बघायला लागलेली कोवळी रोपं.

"डावीकडे," ती म्हणाली. "अजून थोडं डावीकडे... हां. आता टेकवा."

"टेकवला. आता श्वास घेऊ, का त्यालाही परवानगी लागेल?"

तिने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. कानावर पेन्सिल, केसांत काचेचा बारीक चुरा, आणि डोळे असे, की हसू ओठांवर यायच्या आधी तिथेच येऊन बसलेलं.

"काचेचं काम करणाऱ्याने खाली बघून चालावं," ती म्हणाली.

"काचेचं काम करणारा वरच बघतो. तो खाली बघायला लागला की समजावं, काच पडली."

तिला हसू आलं. पण अनोळखी माणसासमोर ते सांडायला नको, म्हणून ती ट्रे उचलून पाठमोरी झाली. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागामागचं हे काचघर म्हणजे तिचा जीव की प्राण. वाऱ्याने छपराचं एक तावदान तडकलं तेव्हापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. नवं तावदान बसेपर्यंत ती तिथून हलली नाही. त्यानेही काम निगुतीने केलं. काचेच्या चारी कडांना पुट्टी भरली आणि तिच्यावरून अंगठा असा फिरवत नेला, जणू लहान मुलाच्या गालावरून हात फिरवतोय.

निघताना त्याने विचारलं, "एवढी रोपं कशाला? सगळी सारखीच तर दिसतात."

"प्रयोगासाठी. वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष," ती म्हणाली आणि वर मोठेपणाने भर घातली, "तुम्हाला नाही कळायचं, दादा."

"तेही खरंच," तो गंभीर चेहरा करून म्हणाला. "कळलं असतं तर काय हवं होतं!"

दुपारी प्रात्यक्षिकाचा तास होता. विद्यापीठात सगळ्या शिक्षिकांना मॅडम म्हणत, पण हा तास घेणाऱ्या शिक्षिका मात्र सगळ्यांच्या 'बाई' होत्या. केस पांढरे, आवाज मऊ. रागावल्या की त्या फक्त चष्मा काढून ठेवत. तेवढ्याने भल्याभल्यांची वाचा बसे.

बाई क्रमांकाने हजेरी घेत. त्यातल्या एका क्रमांकाला कधी उत्तरच येत नसे. मग अख्खा वर्ग एका सुरात म्हणे, "पाहुणा, बाई!" कारण ज्याचा तो क्रमांक, तो वर्गात यायचाच पाहुण्यासारखा. कधीमधी, उशिरा, आणि दाराजवळ टेकून चहा न घेताच उठल्यासारखा निघून जायचा. पहिल्या बाकावर बसणाऱ्या तिने मागे वळून त्याचं तोंड कधी बघितलंही नव्हतं. तिला वर्गात 'घड्याळ' म्हणत. ती आत आली की लोक आपापली घड्याळं लावून घेत, असा तिचा लौकिक होता.

तर त्या दिवशी बाईंनी तो क्रमांक उच्चारला. वर्गाने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "हजर."

सगळ्या माना वळल्या. तिचीही वळली. केसांत काचेचा चुरा... कानावर पेन्सिल...

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"या, पाहुणे!" बाई म्हणाल्या. "आज वाट चुकलात?"

"नाही बाई. छपराची काच बसवायला आलो होतो. म्हटलं, आलोच आहे तर..."

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी प्रयोगाच्या जोड्या लावल्या. "घड्याळाच्या जोडीला पाहुणा."

"बाई, पण—"

"पण काय? घड्याळाला तरी कुणीतरी लागतंच की वेळ सांगायला!"

तो मागचा बाक सोडून तिच्याशेजारी येऊन बसला. ती वहीत डोकं खुपसून बसलेली. थोडा वेळ गेल्यावर तो हळूच म्हणाला, "एक विनंती आहे."

"...काय?"

"घड्याळ म्हणतात ना तुला? तू मला पाहुणा म्हण, उनाड म्हण, वाटेल ते म्हण. फक्त तेवढं 'दादा' मागे घे."

तिचे कान लाल झाले. "घेतलं," ती वहीलाच म्हणाली.

प्रयोग साधा होता. सूर्यफुलाच्या कुंड्यांच्या दोन रांगा करायच्या. एका रांगेला रोज पाणी, ती ओली रांग. दुसरीला अजिबात नाही, ती कोरडी रांग. रोज सकाळी उंची मोजायची, पानं बघायची, कोणतं रोप कधी मान टाकतं ते लिहायचं. कोरड्या रांगेतलं शेवटचं रोप रात्रीतूनही सावरलं नाही, मान खालीच राहिली, की प्रयोग संपला.

"आणि कुंडी उचलून बघायची," बाईंनी एक कुंडी तळहातावर तोलून दाखवली. "रोप तुम्हाला फसवेल. संध्याकाळच्या गारव्यात तहानलेलं रोपही ताठ उभं राहतं. कुंडी नाही फसवत. पाणी असलं की ती जड लागतेच."

पहिले काही दिवस तो उशिराच यायचा. ती दारात मनगटावरचं घड्याळ पुढे करून उभी.

"उशीर."

"वाटेत एकाने आरसा लावायला थांबवलं."

"काल?"

"कालही आरसाच. लोकांना आपली तोंडं बघायची फार हौस."

"मोजपट्टी धर. आणि बडबड कमी."

पण हळूहळू काहीतरी बदललं. एके दिवशी त्याने पट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "ए, हे बघ. काल संध्याकाळी ही सगळी त्या भिंतीकडे तोंड करून होती. आता पुन्हा इकडे. रात्रीच्या अंधारात ही परत फिरतात कशी? सूर्य तर नसतो."

तिने ते पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, पूर्ण गुण मिळाले होते. पण असं उकिडवं बसून, रोपाच्या तोंडाला तोंड लावून तिने ते कधी बघितलं नव्हतं.

"बाईंना विचार," ती म्हणाली.

त्याने विचारलं. बाईंनी उत्तर दिलं नाही. "तूच बघून सांग," एवढंच म्हणाल्या. तो खरंच बघत बसला. दुसऱ्या दिवशी ती आली, तर तो तिच्याआधी हजर. काचघराच्या पायरीवर बसून पाव खात होता.

"उशीर," तो म्हणाला.

घड्याळ त्या दिवशी दिवसभर हसत होतं.

तेव्हापासून ती घरून लवकर निघू लागली. आई म्हणाली, "तुझं घड्याळ पुढे चालतंय का गं हल्ली?" ती म्हणाली, "प्रयोग आहे, आई." आई म्हणाली, "हो का? मग प्रयोगाला जाताना केस तीन-तीनदा कशाला विंचरतेस?"

तरी एक गोष्ट तिला खटकत होती. काचघरात तो घरचा झाला होता, पण वर्गात अजून पाहुणाच होता. सकाळी मोजमाप झालं की सायकलवर टांग टाकून निघून जायचा.

एका सकाळी रिमझिम लागली. काचघराच्या छपरावर थेंबांचा नाजूक ताशा वाजायला लागला. काचेवरून पाण्याचे ओघळ वाकडेतिकडे धावत होते, आणि खाली कोरड्या रांगेतली पहिली दोन रोपं मान टाकून उभी.

"काय नशीब!" तो म्हणाला. "डोक्यावर एवढं पाणी, आणि तोंडात थेंब नाही."

"तू वर्गात का येत नाहीस?" तिने एकदम विचारलं.

तो बोटाने काचेवरचं धुकं पुसत राहिला.

"खरं सांगू? तिथे मी असलो काय, नसलो काय... फळ्यावर खडू चालतच राहतो. दुकानात तसं नाही. मी गेलो नाही तर एखाद्याची खिडकी उघडी राहते. बाबा एकटे पडतात." मग म्हणाला, "हे सत्र झालं की सोडणार आहे मी. बाबांना तसं म्हणालोय. हा प्रयोग तेवढा पुरा करतो. बाईंना शब्द दिलाय."

"म्हणजे... हे शेवटचं रोप वाळलं की..."

"की पाहुणा निघाला."

तो हसत म्हणाला. तिने कोरड्या रांगेकडे बघितलं. अजून ताठ असलेली रोपं काही फार नव्हती.

त्या संध्याकाळी तास संपल्यावर ती काचघरात आली. आजूबाजूला बघितलं. दप्तरातून पाण्याची बाटली काढली, झाकण भरलं आणि कोरड्या रांगेतल्या एका कुंडीत ओतलं. मातीने ते असं चटकन पिऊन टाकलं, की तिला रडूच आलं. मग दुसरीत. मग तिसरीत. जन्मात तिने कधी उत्तरपत्रिकेवरून नजर हलवली नव्हती. तीच आज चोरून पाणी घालत होती, आणि स्वतःशी म्हणत होती, एक झाकण म्हणजे काय पाणी झालं? त्याने काय होतंय?

होत होतं. रोपं उभी राहिली. उभीच राहिली. इतर जोड्यांच्या कोरड्या रांगा कधीच्या झोपल्या, वह्या लिहून झाल्या. हिची रांग आपली सैनिकांसारखी ताठ.

"भलतीच चिवट जात दिसते," ती सकाळी त्याच्याकडे न बघता म्हणायची.

"चिवट म्हणजे काय! मला तर वाटतं, तुझ्या धाकाने उभी आहेत," तो पट्टीकडे बघत म्हणायचा.

"कालच्यापेक्षा अर्धं बोट वाढलीत."

"दुष्काळात वाढली! शाबास."

दोघंही एकमेकांची नजर चुकवत. त्या दिवसापासून तिने कुंडी उचलून बघणं सोडलं होतं. हात पुढे व्हायचा, आणि बाईंचा आवाज आठवला की मागे यायचा. त्यानेही कुंड्या कधी उचलल्या नाहीत. पण हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग एक दिवस तो आलाच नाही.

तिने वाट बघितली. एकटीने मोजलं. तास बुडवायची तिची छाती नव्हती, म्हणून सगळे तास संपवून ती चौकशी करत काचेच्या दुकानापाशी पोचली. दारात आरसेच आरसे. प्रत्येकात ती स्वतः, घाबरलेली, वाऱ्याने केस विस्कटलेली.

आत एक वयस्कर गृहस्थ मोठ्या टेबलावर काच पसरून उभे होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "घड्याळ ना तू?"

ती गडबडलीच. "तुम्हाला कसं... काका?"

"दारात उभी राहून आधी मनगटाकडे बघितलंस," ते हसले. "आणि घरात हल्ली दुसरा विषय आहे कुठे? जेवताना त्याच्या आईला सांगत बसतो, पान मान का टाकतं. ती बिचारी म्हणते, अरे, आधी भाजी वाढू दे."

"तो आज..."

"बोट कापून घेतलं. कापताना लक्ष नव्हतं. फार नाही लागलं." त्यांनी काच कापायची हिरकणी उचलली, लाकडी पट्टी लावली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली, बारीक चर्र आवाज करत. मग कडेला हलका दाब दिला. काच सुतासारखी सरळ दुभंगली. "रेघ एका दमात ओढायची. मध्येच हात उचलला, की काच रेघेवर तुटत नाही, तिच्या मर्जीने तुटते. मी त्याला एवढंच म्हटलं, बाळा, शिकायचं तर शीक, दुकानात यायचं तर ये. मी दोन्हीत खूश. पण दोन दगडांवर पाय ठेवून उभा राहू नकोस. तोच म्हणाला, सोडतो. सोड, असं मी नाही म्हटलं."

आतून तो आला. बोटाला पांढरी पट्टी. तिला बघून दारातच थबकला.

"तू? इथे?"

"रोपं विचारत होती," ती म्हणाली.

"काय विचारत होती?"

"पाहुणा कुठेय म्हणून."

काकांनी लगबगीने टेबलावरची काच पुसायला घेतली. ती चांगली लख्ख होती, तरी बराच वेळ पुसत राहिले.

सत्राच्या अखेरीस बाई प्रयोग तपासायला काचघरात आल्या. बाहेर ढगाळ होतं. एकेका जोडीची वाळलेली रांग बघत, वह्या चाळत त्या या दोघांपाशी आल्या आणि थांबल्या.

"ही ओली रांग ना?"

"नाही बाई," ती क्षीण आवाजात म्हणाली. "कोरडी."

बाईंनी रोपांकडे बघितलं. हिरवीगार पानं. एकाला तर कळीसुद्धा धरलेली. त्यांनी एक कुंडी उचलली, तळहातावर तोलली. मग दुसरी. मग तिसरी. या प्रयोगावर तिचे सत्राचे निम्मे गुण होते. आजवर पहिला क्रमांक तिने कधी सोडला नव्हता. पण आत्ता तिला गुण आठवत नव्हते. बाईंच्या तळहातावरची कुंडी तेवढी दिसत होती, जड.

बाईंनी मान वर केली. छपराकडे बघितलं. त्या नव्या तावदानाच्या बरोबर खाली ही रांग होती.

"गेल्या महिन्यात पाऊस झाला," बाई म्हणाल्या. "हे तावदान गळत होतं का?"

केवढं सोपं होतं! नुसतं 'हो' म्हणायचं. प्रयोग बिघडला, पण दोष कुणाचाच नाही, छपराचा. गुण वाचले असते. तिने ओठ ओले केले. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं... आणि तिने त्याच्याकडे बघितलं.

तो वर बघत होता. आपण बसवलेल्या काचेकडे.

"नाही बाई," तो म्हणाला. "ती काच मी बसवलीय. ती गळत नाही. पाणी मी घातलं."

"तू?" ती किंचाळलीच. "तू कधी?"

"दुपारी. तू तासाला असायचीस तेव्हा. गिऱ्हाईकाकडे जाता जाता यायचो. फार नाही... आपलं ओंजळभर."

"ओंजळभर!" तिच्या तोंडून निघून गेलं. "मी झाकणाने घालत होते आणि तू ओंजळीने?"

आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. पण बाण सुटला होता.

बाईंनी चष्मा काढला.

सगळा वर्ग श्वास रोखून उभा. बाईंनी चष्मा पदराने पुसला, पुन्हा पुसला. "का?" त्यांनी त्याला विचारलं.

तो पायाने फरशी उकरू लागला. "शेवटचं रोप वाळलं की प्रयोग संपणार होता."

"मग?"

"मग... मला इथे यायला कारण उरलं नसतं."

बाई तिच्याकडे वळल्या. "आणि तू गं?"

ती जमिनीकडे बघत होती. आवाज इतका बारीक, की बाईंना वाकावं लागलं. "त्याला... त्याला यायला कारण उरलं नसतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी तिकडे बघितलं, ते थांबलं. बाईंच्या ओठांचे कोपरे मात्र हलत होते.

"एवढी वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "पण दुष्काळाच्या प्रयोगात पूर आणणारे तुम्ही पहिलेच. गुण शून्य. दोघांनाही."

"हो, बाई."

"सुट्टीत पुन्हा करायचा. पहिल्यापासून. आणि या वेळी रोप वाळू द्यायचं. वाळताना समोर उभं राहून बघायचं."

वर्ग पांगला. ती कुंड्या आवरत होती. बाई तिच्याजवळ आल्या आणि हळू आवाजात, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाल्या, "बाळ, एखादं रोप उभं ठेवायला रोज चोरून पाणी घातलंस, तर ते आपल्या मुळांवर किती टिकतं, ते तुला कळणारच नाही. कधीच नाही." मग दाराकडे, सायकलला किल्ली लावणाऱ्या त्याच्याकडे त्यांनी नुसतं बघितलं. "आणि हे मी फक्त सूर्यफुलांबद्दल बोलत नाहीये."

सुट्टीत विद्यापीठ सुनंसुनं होतं. जिन्यांत पावलं घुमायची. काचघरात मात्र रोज सकाळी दोन माणसं.

या वेळी त्यांनी कुंड्या उचलून बघितल्या. रोज. आणि रोज त्या थोड्या थोड्या हलक्या होत गेल्या. पानांच्या कडा मुडपल्या. पहिल्या रोपाने मान टाकली तेव्हा तिचा हात आपोआप दप्तरातल्या बाटलीकडे गेला. त्याने तो वाटेतच धरला. पट्टी काढलेलं बोट, त्यावर कापल्याचा पुसट वण.

"नको," तो म्हणाला.

"मी फक्त बघत होते... झाकण घट्ट आहे ना ते."

"घट्ट आहे. मी बघितलं."

हात मात्र दोघांनीही लगेच काढले नाहीत.

खूप बोलणं व्हायचं. रोपं अंधारात तोंड कशी फिरवतात, त्याचं उत्तर त्याला सापडलं होतं. खोडाची एक बाजू दिवसा वाढते, दुसरी रात्री, असं तो हात वाकवून वाकवून दाखवायचा, आणि ती, जिला ते सगळं पाठ होतं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. फक्त एक प्रश्न तिने विचारला नाही. पुढच्या सत्राला तू येणार का? जीभ कितीदा तिथवर जायची, आणि बाईंचं बोलणं आठवून परत फिरायची. तिने प्रेमाने एक शब्दसुद्धा चोरून ओतायचा नाही, असं ठरवलं होतं. राहायचं तर त्याने आपल्या मुळांवर राहावं.

शेवटचं रोप सगळ्यांत लहान होतं. बाकीची पडली तरी ते हट्टाने उभं. मग एका संध्याकाळी त्याचीही मान झुकली, आणि दुसऱ्या सकाळी ती खालीच होती.

तिने वहीत लिहिलं. त्याने खाली रेघ ओढली, पट्टी न लावता, एका दमात.

"संपला," ती म्हणाली.

"संपला."

तो उठला. कपडे झटकले. दारापाशी क्षणभर थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं... आणि म्हणाला एवढंच, "येतो."

आता निघताना 'जातो' कोण म्हणतं? जाणारा प्रत्येक जण 'येतो'च म्हणतो. त्या 'येतो'वर किती विसंबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ती सायकलचा आवाज विरेपर्यंत उभी राहिली.

नव्या सत्राचा पहिला दिवस. पहिला तास बाईंचा. ती वेळेआधीच घरून निघाली होती, पण पाय आपोआप काचघराकडे वळले. पायरी रिकामी. दार ढकललं. आत कुणी नव्हतं. सूर्य तिरपा होऊन आत आला होता, आणि कोरड्या रांगेतल्या वाळक्या रोपांच्या सावल्या फरशीवर लांब पडल्या होत्या. तिने नजर फिरवली. सगळ्यांत लहान कुंडी जागेवर नव्हती. फरशीवर सांडलेल्या मातीत तिचा गोल ठसा तेवढा उरला होता.

टाकून दिली वाटतं कुणीतरी, असं तिच्या मनात आलं. आणि त्या एवढ्याशा गोल ठशाकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले. ती तिथेच उकिडवी बसली. किती वेळ, तिचं तिलाच कळलं नाही.

तास सुरू झाल्याची घंटा तिने ऐकली, ती अर्ध्या वाटेवर. घड्याळाला उशीर झाला होता. ती धापा टाकत जिना चढली, वर्गाच्या दारात आली. सगळ्या माना वळल्या. बाईंनी हजेरी अर्धवट थांबवली.

"आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?" बाई म्हणाल्या. "ये. तुझी जागा धरून ठेवलीय."

पहिला बाक. तिची जागा. आणि शेजारी, डोकं नीट विंचरलेला, समोर कोरी करकरीत वही, कानावर मात्र तीच पेन्सिल... तो. बाकाच्या कोपऱ्यात, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, सगळ्यांत लहान कुंडी. माती ओली. आणि त्या हट्टी रोपाची मान पूर्ण नाही, पण अर्धी तरी वर आलेली.

ती बसली.

"उशीर," तो पुटपुटला.

"तू... दुकान?"

"सकाळी वर्ग, संध्याकाळी दुकान. बाबांना विचारलं. म्हणाले, हे दोन दगड नाहीत, ही एकच पायवाट आहे. फक्त मध्येच हात उचलायचा नाही."

"पायवाटेवर हात कसा उचलतात?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, वाद घालू नकोस, जा."

ती हसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते तिने पुसलं नाही. मग कुंडीकडे बोट केलं. "आणि हे? पाणी का घातलंस?"

"प्रयोग संपला ना. त्याच दिवशी परत येऊन घेऊन गेलो मी हे." त्याने तिच्याकडे बघितलं. या वेळी हसू आधी डोळ्यांत आलंच नाही. तो अगदी गंभीर होता. "आता पाणी घालायला कारण लागत नाही."

"...आणि यायला?"

"'येतो' म्हणालो होतो ना मी. वर्गात शिकायला येतो, त्याला कारण आहे. तुझ्याकडे येतो, त्याला नाही. तू आवडतेस. एवढंच."

तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि बाकावर त्या कुंडीशेजारी ठेवून दिलं, उलटं, काटे खाली करून. आता तिला वेळ बघायची नव्हती, हे त्याला समजलं.

समोर बाईंनी घसा खाकरला आणि हजेरी पुढे सुरू केली. एकेक क्रमांक येत गेला, 'हजर' होत गेला. मग तो क्रमांक आला. अख्ख्या वर्गाने सवयीने तोंड उघडलं—

"पाहुणा, बाई!"

"हजर," तो उभा राहून म्हणाला. "पण पाहुणा नका म्हणू, बाई. घरचाच आहे."

बाईंनी चष्मा काढला. पण या वेळी तो रागाने नव्हता काढला. त्यांना तो पुसायचा होता.